पार्श्वभूमी : जुन्या लाकडाला पुन्हा मोल कसे आले

जुन्या ओकच्या वाशातून लोखंडी खिळा उपटला की भोकाभोवती निळसर काळी कड उरते. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. ओलाव्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली की हा रंग धरतो. तो रेषांच्या अंगाने खोलवर उतरलेला असतो, रंध्याच्या दोन-चार हातांनी जात नाही. आज असा डाग मिळावा म्हणून लोक फळ्या शोधत फिरतात. शंभर वर्षांपूर्वी हीच फळी बहुधा सरपणात गेली असती. मोडीतल्या लाकडाच्या फर्निचरचा इतिहास म्हणजे कुठल्या काळात काय दुर्मीळ होते याचा इतिहास आहे, असे मला वाटते. जे दुर्मीळ, ते माणसाने जपले, बाकीचे जाळले.

प्राचीन इजिप्तमध्ये लाकूडच दुर्मीळ होते. नाईलकाठच्या झाडांतून लांब, सरळ फळी निघत नसे आणि चांगला सीडार (देवदाराच्या कुळातले लाकूड) लेबनॉनहून समुद्रमार्गे आणावा लागे. त्यामुळे जहाज मोडले तरी त्याची फळी कामातून जात नसे. लिश्त येथे, पहिला सेनुस्रेत या राजाच्या पिरॅमिडच्या परिसरात, बांधकामासाठी केलेल्या उतारांमध्ये जहाजांच्या फळ्या पुन्हा वापरलेल्या सापडल्या. जोडकामाच्या जुन्या खाचा त्यांवर तशाच आहेत. सुतार लहान, वेडेवाकडे तुकडेही कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) आणि खाच करून एकत्र बांधत आणि वरून गिलावा व रंग देऊन जोड झाकून टाकत. जोड दिसला म्हणजे गरिबी दिसली, असा तो हिशेब. आपण आज तोच जोड मुद्दाम उघडा ठेवतो.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत सतराव्या शतकात चित्र नेमके उलटे होते. जंगल दारापर्यंत आलेले, पण खिळा मात्र लोहाराने एकेक करून घडवायचा. जागा सोडून जाणारे लोक घर पेटवून देत आणि राखेतून खिळे वेचून नेत. शेवटी १६४५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने याला मनाई केली. घर न जाळता सोडणाऱ्याला, त्यात लागले असतील तितके खिळे भरपाई म्हणून द्यायचे आणि त्याचा अंदाज दोन त्रयस्थ माणसांनी करायचा, असे ठरले. लाकडाच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. अख्ख्या घराचे वासे आणि फळ्या मूठभर लोखंडापुढे कमी पडल्या.

एकोणिसाव्या शतकात वाफेवरच्या करवत गिरण्या आल्या, यंत्राने कापलेले खिळे आले आणि शतक संपता संपता तारेचे खिळे आले. लाकूड आणि खिळा दोन्ही स्वस्त झाले, महाग झाली ती मजुरी. जुनी फळी वापरायची तर आधी तिच्यातला प्रत्येक खिळा शोधून काढावा लागतो. एक जरी राहिला तरी करवतीचे दात जातात. ही मेहनत करण्यापेक्षा नवी फळी परवडू लागली आणि पाडलेल्या इमारतींचे लाकूड सरळ जळू लागले.

जिथे आठवण गुंतलेली होती तिथे मात्र लाकूड वाचले. उत्तर ध्रुवाकडे गेलेले ब्रिटिश जहाज ‘रेझोल्यूट’ बर्फात सोडून द्यावे लागले होते. ते १८५५ मध्ये एका अमेरिकी जहाजाला वाहत आलेले सापडले आणि अमेरिकेने ते दुरुस्त करून परत पाठवले. पुढे ते मोडीत काढल्यावर त्याच्या ओकपासून टेबल घडवून व्हिक्टोरिया राणीने १८८० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिले.

‘रस्टिक’ म्हणजे ओबडधोबड घाटाची हौस ही वेगळ्याच वाटेने आली. झाडांच्या मुळांपासून केलेली आसने चीनमध्ये जुनी. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात बागांसाठी फांद्यांच्या खुर्च्या होऊ लागल्या. रॉबर्ट मॅनवॅरिंगने १७६५ मध्ये छापलेल्या नमुन्यांत अशा खुर्च्या आहेत. पण ही शैली खऱ्या अर्थाने घरात शिरली ती न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉनडॅक डोंगरांत. १८७० च्या दशकापासून विल्यम वेस्ट ड्युरंटने तिथे श्रीमंतांसाठी ओंडक्यांची मोठी वसतिस्थाने बांधायला घेतली. त्यांतले पलंग, टेबले, खुर्च्या करणारे बहुतेक जण स्थानिक वाटाडे आणि राखणदार होते. उन्हाळ्यात पाहुण्यांची कामे, हिवाळ्यात सुतारकाम. हिवाळा त्यांच्या पथ्यावर पडला, कारण झाडाची वाढ थांबलेली असताना तोडलेल्या लाकडाची साल घट्ट धरून राहते. वसंतात तोडले तर साल सुटून येते. सालीसकट लाकूड वापरण्याची ही शैली त्यांच्या कामाच्या वेळापत्रकातून पक्की झाली.

जुन्या लाकडाची आणि रस्टिक घाटाची, या दोन वाटा एकत्र आल्या त्या एका आपत्तीमुळे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अमेरिकन चेस्टनटची झाडे वाळताना दिसली. आशियातून आलेल्या झाडांबरोबर शिरलेली ती बुरशी होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अब्जावधी झाडे गेली आणि जंगलातला एक प्रमुख वृक्ष जवळपास संपला. मेलेली खोडे वर्षानुवर्षे उभी राहिली, किड्यांनी त्यांत टाचणीएवढी भोके पाडली आणि त्या फळ्या ‘किडका चेस्टनट’ म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या. आज कोठारांतून निघणारी तीच फळी जाणकार हातात घेतात तेव्हा आवाज खाली येतो. ते लाकूड नव्याने मिळणार नाही. जुन्या चेस्टनटला लोक मोल देतात ते या कारणाने, आणि ते योग्यच आहे.

लाँगलीफ पाइनचेही तेच झाले. अमेरिकेच्या आग्नेय भागात हे जंगल एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर होते. त्यातले बहुतेक तोडून गिरण्या आणि गोदामांच्या तुळया झाल्या. दाट रानात सावकाश वाढलेल्या त्या झाडांच्या तुळईचे टोक कापले की वाढीच्या रेषा इतक्या जवळजवळ दिसतात की मोजायला भिंग घ्यावे लागते. लागवडीतल्या, भराभर वाढवलेल्या पाइनमध्ये याच रेषा दूरदूर असतात. शिवाय तुळई कित्येक दशके छपराखाली मुरलेली असते, त्यामुळे तिला नंतर पीळ पडण्याची भीती कमी.

टंचाईने घडवलेली दोन माणसे इथे सांगायलाच हवीत. हॉलंडचा फर्निचर रचनाकार गेरिट रीटफेल्डने मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, खोक्यांच्या फळ्यांसारख्या साध्या फळ्यांची खुर्ची केली. जॉर्ज नाकाशिमा हा शिकलेला वास्तुविशारद. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले तेव्हा तोही आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत गेला. तिथे गेंतारो हिकोगावा या सुताराकडून त्याने जपानी हत्यारे चालवायला शिकून घेतले. हाताशी होते ते बांधकामाचे उरलेले तुकडे आणि वाळवंटातली झुडपे. पुढे फळीची नैसर्गिक कड तशीच ठेवणे आणि भेगेत फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवून ती थोपवणे, ही त्याच्या कामाची ओळख झाली. भेग लपवायची नाही, तिला धरून ठेवायचे. इजिप्तच्या गिलाव्यापासून इथवर यायला चार हजार वर्षे लागली.

१९९० मध्ये डच विद्यार्थी पीट हेन एकने पदवीसाठी भंगार लाकडाचे कपाट केले आणि असे काम प्रदर्शनांत व दुकानांत मानाने मांडले जाऊ लागले.

आज घरी काम करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा येते ते पॅलेटचे, म्हणजे माल रचून ने-आण करायच्या लाकडी फलाटाचे लाकूड. चेस्टनटसारखा घात पुन्हा होऊ नये, लाकडातून किडी आणि बुरशी देशोदेशी जाऊ नयेत, म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्यानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटे द्यायची आणि ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) असा शिक्का मारायचा. ‘एमबी’ शिक्का असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नये. रंगवलेल्या जुन्या फळीत शिसे असू शकते, अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ मध्ये बंद झाले. म्हणून असा रंग कोरडा घासू नये, आधी तपासून घ्यावा, आणि मगच खिळे काढायला बसावे.