ट्रायथलॉनमधील दुसरे संक्रमण

जलतरण, सायकलिंग आणि धावणे हे तीन टप्पे सलग पार पाडण्याच्या ट्रायथलॉन या शर्यतीत सायकल जागेवर लावून धावायला निघण्याच्या क्रियेस दुसरे संक्रमण म्हणतात. पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर स्वार होणे हे पहिले संक्रमण होय. खेळाडूंमध्ये या दोहोंस अनुक्रमे ‘टी-वन’ व ‘टी-टू’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. संक्रमणाच्या काळात शर्यतीचे घड्याळ चालूच राहते, म्हणून बूट बदलण्यात गेलेला प्रत्येक सेकंद अंतिम वेळेत धरला जातो आणि त्यामुळेच संक्रमणाला या खेळाचा ‘चौथा प्रकार’ मानले जाते. ऑलिंपिक अंतराच्या शर्यतीत (१·५ किमी. पोहणे, ४० किमी. सायकल, १० किमी. धाव) आघाडीच्या खेळाडूंचे दुसरे संक्रमण साधारणपणे अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर आटोपते, हौशी स्पर्धकांना काही मिनिटेही लागतात. संक्रमण क्षेत्राची लांबी दर ठिकाणी वेगळी असल्याने दोन निरनिराळ्या शर्यतींतील संक्रमणाच्या वेळांची तुलना करणे मात्र योग्य नव्हे.

संक्रमण केव्हापासून अस्तित्वात आले, हा प्रश्न ट्रायथलॉनच्या उगमाच्या वादाशी जोडलेला आहे. फ्रान्समध्ये १९२० च्या सुमारास पॅरिसजवळ मार्न नदीच्या परिसरात ‘ले त्रवा स्पोर’ (तीन खेळ) या नावाने धावणे, सायकल आणि पोहणे यांची एकत्रित शर्यत होत असे, असे काही इतिहासलेखक मानतात. १९३० च्या दशकात ला रोशेल येथेही तशीच शर्यत झाल्याचे उल्लेख मिळतात. या शर्यतींची साधने मुख्यतः तत्कालीन वृत्तपत्रांतील त्रोटक बातम्या आहेत. त्यांत टप्प्यांचा क्रम व अंतरे येतात, परंतु स्पर्धक एका टप्प्यातून दुसऱ्यात कसे जात याचे वर्णन येत नाही. आजच्या खेळाची अखंड परंपरा या शर्यतींपासून चालत आल्याचे दाखवणारा दुवाही उपलब्ध साधनांत आढळत नाही. त्यामुळे त्यांना पूर्वसुरी म्हणणे रास्त असले, तरी आधुनिक ट्रायथलॉनचा आरंभ अमेरिकेतील सॅन डिएगो येथे मानणारा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

सॅन डिएगो ट्रॅक क्लबच्या जॅक जॉनस्टन व डॉन शॅनहन यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी मिशन बे येथे ही शर्यत भरवली आणि तीत ४६ जण उतरले. या शर्यतीचे घोषणापत्रक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्यानुसार एकूण सहा मैल धावणे, पाच मैल सायकल आणि पाचशे यार्ड पोहणे अपेक्षित होते. धावणे व पोहणे तुकड्यातुकड्यांत विभागलेले होते, सायकलचा टप्पा तेवढा एकसलग होता आणि धावण्याच्या अंतरापैकी सुमारे दोन मैल गवतावरून व वाळूवरून अनवाणी पार करायचे होते. म्हणजे ज्या शर्यतीपासून या खेळाची गणना सुरू होते, तिच्यात बूट घालणे-काढणे हा आखणीचाच एक भाग होता. वारंवार पाण्यात उतरणाऱ्या स्पर्धकाला दर वेळी नाड्या बांधायला लावण्यापेक्षा काही अंतर अनवाणी धावू देणे सोयीचे होते. या शर्यतीत भाग घेतलेल्या जॉन व ज्यूडी कॉलिन्स या दांपत्याच्या पुढाकाराने १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांतील ओआहू येथे पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. तीत पोहणे, सायकल, धाव हा क्रम होता आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. थकलेल्या माणसाला शेवटी पाण्यात उतरवणे धोक्याचे, तसेच दमलेल्या अवस्थेत सायकलवरून पडण्याचा संभव अधिक, हे या क्रमामागचे कारण सामान्यतः दिले जाते. क्रम पक्का झाल्यावर सायकलवरून उतरताच धावणे हे ट्रायथलॉनचे स्थायी लक्षण ठरले.

आरंभीच्या वर्षांत अनेक स्पर्धक धावण्याच्याच बुटांनी सायकल चालवीत, कारण त्या काळच्या पायडलला धातूचा पिंजरा व चामडी पट्टा असे आणि त्यात कोणताही बूट अडकवता येई. दुसऱ्या संक्रमणात तेव्हा बदलण्यासारखे फारसे नव्हते. स्कीच्या बांधण्या बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये बुटाच्या तळव्याला लावलेला तुकडा ज्यात घट्ट बसतो असे पायडल बाजारात आणले. पुढच्याच वर्षी बेर्नार इनो यांनी तेच वापरून तूर द फ्रान्स जिंकली, आणि सायकलपटूंचा बूट धावण्याच्या बुटापासून कायमचा वेगळा झाला. कडक तळव्याच्या या बुटाने पायडलवर जोर अधिक चांगला पोहोचतो, पण त्याने धावता येत नाही. दुसऱ्या संक्रमणाचे आजचे स्वरूप, म्हणजे एक बूट सोडून दुसरा चढवण्याची घाई, मुख्यतः या पायडलमुळे आले आहे; ट्रायथलॉनच्या इतिहासात याला जेवढे महत्त्व मिळायला हवे तेवढे सहसा दिले जात नाही.

प्रचलित पद्धतीत खेळाडू उतरण्याच्या रेषेच्या काही शे मीटर आधी चालत्या सायकलवरच बुटांचे पट्टे सैल करतो, पाय बाहेर काढून बुटांवर ठेवतो आणि तसेच पायडल मारीत राहतो. रेषा जवळ येताच उजवा पाय मागून डावीकडे आणून, एका पायडलवर उभे राहून, तो धावतच जमिनीवर उतरतो. सायकलचे बूट पायडललाच लटकत राहतात. नियमानुसार रेषेपूर्वी एक पाऊल जमिनीला पूर्ण टेकलेले असावे लागते, संक्रमण क्षेत्रात सायकल हाताने ढकलतच न्यावी लागते आणि ती स्वतःच्या नेमून दिलेल्या जागी लावेपर्यंत हेल्मेटचा पट्टा सोडता येत नाही. घाईत हाच शेवटचा नियम सर्वांत सहज मोडतो. नियमभंगाचा दंड सेकंदांत मोजला जातो. लंडन ऑलिंपिकमध्ये (२०१२) जोनाथन ब्राउनली यांनी पहिल्या संक्रमणात रेषेआधीच सायकलवर चढल्याबद्दल १५ सेकंदांचा दंड धावण्याच्या टप्प्यात उभे राहून भोगला, तरी कांस्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेतील महिलांच्या शर्यतीत निकोला स्पिरिग व लिसा नुर्देन यांची नोंदलेली वेळ एकच, १ तास ५९ मिनिटे ४८ सेकंद, अशी होती आणि सुवर्णपदक छायाचित्राच्या आधारे ठरले. अशा निकालापुढे नाडी बांधण्याचे चार सेकंद क्षुल्लक म्हणता येत नाहीत.

संक्रमणासाठी धावण्याच्या बुटात केलेले बदल दिसायला साधे आहेत. सुती नाडीच्या जागी लवचिक नाडी ओवली जाते आणि तिचा ताण प्लास्टिकच्या सरकत्या चापाने आधीच ठरवून ठेवला जातो, त्यामुळे गाठ मारण्याचे काम उरत नाही. टाचेच्या मागे व जिभेवर बोट अडकवण्याजोगा फास असतो. जीभ वरच्या कापडाला शिवलेली असल्यास पाय आत जाताना ती गोळा होत नाही. आतील शिवण बोथट किंवा झाकलेली असते, कारण कमी अंतराच्या शर्यतीत बहुतेक खेळाडू मोजे घालत नाहीत; टाच व बोटांच्या जागी व्हॅसलीन किंवा पावडर लावून ठेवतात. काही बुटांच्या तळव्यास पाणी निथळण्यासाठी छिद्रे असतात. असिक्सचा नूसा हा या प्रकारातील परिचित बूट असून त्याचे नाव ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या त्याच नावाच्या गावावरून व तेथील ट्रायथलॉनवरून आले आहे. लवचिक नाडीचा एक दोष सांगणे आवश्यक आहे : ती पायाच्या सर्व भागांवर जवळजवळ सारखाच ताण देते, म्हणून अरुंद टाचेच्या किंवा उंच कमानीच्या पायाला बूट पक्का बसत नाही आणि लांब अंतरावर पाऊल आत सरकून फोड येतात. अशा धावपटूंनी साधी नाडी वापरून थोडा वेळ घालवणेच हिताचे.

२०१७ पासून जाड, हलक्या फेसाचा तळवा आणि त्यात कार्बनची पट्टी असलेले बूट आले. नायकीच्या अशा बुटावरील, वाउटर होगकामर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात धावण्याचा ऊर्जाखर्च सरासरीने सुमारे ४ टक्क्यांनी कमी आढळला. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ३१ जानेवारी २०२० रोजी रस्त्यावरील शर्यतींच्या बुटांसाठी तळव्याची कमाल जाडी ४० मिमी. ठरवली आणि एकाहून अधिक पट्ट्यांना मनाई केली. अव्वल ट्रायथलॉनपटूंच्या बुटांनाही पुढे हेच निकष लागू झाले. होगकामर यांच्या चाचण्या ताज्या दमाच्या धावपटूंवर झाल्या होत्या, सायकलवरून नुकत्याच उतरलेल्यांवर नव्हे, ही बाब ४ टक्क्यांचा आकडा उद्धृत करणाऱ्यांनी लक्षात ठेवणे इष्ट आहे. शिवाय हे बूट उंच व मऊ असल्याने वळणावर कमी स्थिर असतात आणि त्यांचे पातळ, विणलेले वरचे कापड टाचेशी दुमडल्याने ते पायात चटकन चढत नाहीत. तरीही दहा किलोमीटर अर्ध्या तासात धावणाऱ्या खेळाडूला वेगातील एक टक्का म्हणजे १८ सेकंद होतात. त्यापुढे बूट चढवताना गेलेले दोन-तीन सेकंद कमीच ठरतात, म्हणून बुटाची निवड धावण्याच्या गुणावरून करावी आणि तो चढवण्याचे कौशल्य सरावाने मिळवावे, हाच मार्ग सयुक्तिक दिसतो.

सायकलनंतरच्या पहिल्या किलोमीटर-दीड किलोमीटरात पाय जड, परके वाटणे हा बहुतेक सर्व खेळाडूंचा अनुभव आहे आणि संशोधकांचे मतभेद मुख्यतः याच टप्प्याविषयी आहेत. ग्रेगोआर मिये व व्हेरोनिका व्लेक यांच्या २००० मधील आढाव्यानुसार ट्रायथलॉनच्या अखेरीस धावण्याचा ऊर्जाखर्च ताज्या अवस्थेतील धावेपेक्षा १·६ ते ११·६ टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ खेळाडूच्या दर्जाप्रमाणे बदलते. अनुभवी खेळाडूत ती कमी असते. सायकलच्या शेवटी पायडल कोणत्या गतीने मारावे, यावर मात्र दोन पक्ष आहेत. गॉटशॉल व पामर यांनी २००२ मध्ये असे दाखवले की, पसंतीच्या गतीपेक्षा २० टक्के जलद पायडल मारल्यानंतर ३,२०० मीटरची धाव अधिक वेगाने पूर्ण झाली. पायांची सायकलवरील लय धावतानाही काही काळ टिकते आणि पावले भरभर पडतात, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. याउलट व्हेर्कुइसेन व सहकाऱ्यांना २००५ मध्ये शेवटच्या काही मिनिटांत गती कमी ठेवल्यास पुढे धावताना थकवा उशिरा येतो असे आढळले. दोन्ही प्रयोगांत मोजलेली गोष्ट वेगळी आहे : एकात ठरावीक अंतराचा वेळ, दुसऱ्यात ठरावीक वेगाने तग धरण्याचा काळ. त्यामुळे विरोध वाटतो तितका तीव्र नाही. ऑलिंपिक अंतराच्या शर्यतीत, जेथे घोळक्यातून सुटून निघणाऱ्याला पहिल्या किलोमीटरपासूनच वेग हवा असतो, तेथे पहिला पक्ष व्यवहाराला अधिक जवळचा आहे. अँड्र्यू चॅपमन व सहकाऱ्यांनी अव्वल खेळाडूंच्या पायांच्या स्नायूंचे विद्युत्-मापन केले असता काही जणांत सायकलनंतर नडगीच्या स्नायूचा वापर बदललेला दिसला, बाकीच्यांत नाही. यावरून सर्वांना एकच उपाय सांगता येणार नाही हे स्पष्ट होते. सायकल संपताच थोडे अंतर धावण्याचा ‘ब्रिक’ नावाचा सराव जवळजवळ सर्व प्रशिक्षक देतात.

लांब अंतराच्या शर्यतींत (आयर्नमॅन : ३·८ किमी., १८० किमी. व ४२·२ किमी.) घाईचे महत्त्व घटते. तेथे खेळाडू मोजे घालतो, प्रसंगी कपडेही बदलतो आणि धावण्याचे सामान वेगळ्या पिशवीत ठेवलेले असते. गोव्यात पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ पासून होणाऱ्या अर्ध-आयर्नमॅन शर्यतीत ९० किमी. सायकलनंतर २१·१ किमी. दमट उष्णतेत धावावे लागते. डोक्यावर ओतलेले पाणी बुटात उतरत असल्याने अशा हवेत पाणी निथळणारा तळवा आणि पातळ मोजे यांना संक्रमणातील वेगापेक्षा प्राधान्य देणे योग्य ठरते.

रिओ येथे २०१६ मध्ये पॅरालिंपिकमध्ये समाविष्ट झालेल्या पॅराट्रायथलॉनमध्ये चाकांच्या खुर्चीच्या गटातील खेळाडू दुसऱ्या संक्रमणात हाताने चालवायच्या सायकलवरून शर्यतीच्या खुर्चीत येतात आणि त्यासाठी त्यांना नेमलेल्या सहाय्यकांची मदत घेता येते. पाय गमावलेले काही खेळाडू येथे सायकलचा कृत्रिम पाय काढून धावण्याचे पाते बसवतात, आणि त्याला लागलेला वेळही बूट बदलण्याच्या वेळेप्रमाणेच अंतिम वेळेत मिळवला जातो.