फाईल डिलीट केली म्हणजे जागा मोकळी झालीच, असं नाही

‘डिस्क भरली? मोठी लॉग फाईल उडवा, जागा होईल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. लिनक्सवर तो अर्धाच खरा आहे.

आरएम ही कमांड फाईल पुसत नाही, डिरेक्टरीतलं तिचं नाव काढते. एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाईल उघडून धरली असेल, तर डेटा डिस्कवर तसाच राहतो. प्रोग्राम त्यात आणखी लिहीतही राहतो! मग डिस्क किती भरली हे सांगणारं डीएफ म्हणतं १०० टक्के भरली आणि फाईलींचा आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज निम्म्यावरच थांबते. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नाही. डीएफ थेट डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवणाऱ्या फाईलसिस्टिमला विचारतं, डीयू नावं धरून एकेक फाईल मोजत जातं. जिला नावच उरलं नाही, ती त्याला दिसणार कशी?

रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून एलएसओएफ, म्हणजे उघड्या फाईलींची यादी देणारी कमांड, चालवा, सोबत ‘अधिक, कॅपिटल एल, १’ हा पर्याय द्या. ओळीच्या शेवटी ‘डिलीटेड’, साइजच्या रकान्यात तुमचे हरवलेले जीबी आणि सुरुवातीलाच ते धरून बसलेल्या प्रोग्रामचं नाव. तेवढीच सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते, अख्खा सर्व्हर बंद करायची गरज नसते. चालू लॉग उडवण्याऐवजी ट्रंकेट कमांडने तिचा आकार शून्यावर आणणं केव्हाही बरं, अर्थात त्यातला मजकूर नको असेल तरच.

जागा दिसतेय, तरी ‘डिस्क फुल’ येतंय? मग डीएफला ‘उणे आय’ लावून आयनोड, म्हणजे दर फाईलीमागे एक लागणाऱ्या नोंदी, किती उरलेत ते बघा. लाखो बारीक फाईलींनी तेच संपवलेले असू शकतात.