मिश्र पिकअप-योजना

इलेक्ट्रिक गिटारमध्ये भिन्न बांधणीचे दोन किंवा अधिक पिकअप (तारेच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारे घटक) बसवून ते एकाच मंडलातून (सर्किटमधून) वाजवण्याची पद्धत. खास मागणीनुसार घडवलेल्या, म्हणजे कस्टम गिटारींत ती विशेष रूढ आहे. सिंगल कॉइल (एका कॉइलचा), हम्बकर (घरघर मारण्यासाठी दोन कॉइल विरुद्ध जोडलेला), पी-९० (गिब्सनचा रुंद सिंगल कॉइल), फिल्टरट्रॉन (ग्रेचचा हम्बकर) आणि पिझो (दाबावर चालणारा) यांपैकी कोणतेही प्रकार एकत्र येऊ शकतात. योजना आद्याक्षरांनी सांगण्याची प्रथा असून ‘एच-एस-एस’ म्हणजे ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तेथे) हम्बकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. ही अक्षरे बहुधा ब्रिजकडून नेककडे (दांडीकडे) वाचतात. पण सगळेच निर्माते हा क्रम पाळत नाहीत, त्यामुळे मागणी नोंदवताना जागा स्पष्ट लिहिणे बरे.

इतिहास : या पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. एक मत असे, की १९७० नंतर वादकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी तयार गिटारींतले पिकअप काढून दुसरे बसवायला सुरुवात केली, तीच खरी सुरुवात. दुसऱ्या मतानुसार कारखान्यातून बाहेर पडलेल्या गिटारींतच ती आधीपासून होती. उपलब्ध वाद्ये पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

फेंडर या गिटार-कंपनीच्या १९५० मधील ब्रॉडकास्टरमध्ये (१९५१ पासून टेलिकास्टर) दोन पिकअप होते आणि ते एकसारखे नव्हते. टेलिकास्टरच्या रूढ रचनेत ब्रिजचा पिकअप रुंद, कॉइलला ४२ गेजची तार असलेला, खाली तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असलेला. नेकचा अरुंद, त्याहून बारीक ४३ गेजच्या तारेचा आणि धातूच्या कवचात झाकलेला. दोन्ही अखेर सिंगल कॉइलच, तेव्हा याला मिश्रण म्हणू नये, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य केला तर मान गिब्सनच्या १९५४ मधील लेस पॉल कस्टमकडे जातो. तिच्या ब्रिजपाशी १९४६ पासून प्रचारात आलेला पी-९० होता, तर नेकपाशी गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांनी रचलेला, आयताकृती अल्निको चुंबकांचा वेगळाच पिकअप. १९५७ मध्ये या गिटारीवर तीन हम्बकर आले आणि तिच्यापुरते मिश्रण संपले.

यात आणखी एक मुद्दा गुंतलेला आहे. भिन्न पिकअप एका लाकडावर असणे आणि ते एकत्र वाजणे या दोन गोष्टी वेगळ्या. टेलिकास्टरच्या मूळ जोडणीत पिकअप निवडण्याचा स्विच मागे असताना दुसऱ्या नॉबने ब्रिजच्या आवाजात नेकचा आवाज हवा तेवढा मिसळता येत असे. १९५२ मध्ये ती जोडणी बदलली आणि पुढे १९६७ पर्यंत कारखान्याच्या जोडणीत दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची जागाच नव्हती. आज टेलिकास्टरचा ‘मधला आवाज’ म्हणून जो ओळखला जातो, तो मधली पंधरा वर्षे तिच्या स्विचवर नव्हता. तरीही ‘एकत्र वाजले पाहिजेत’ ही कडक कसोटी लावली, तरी १९५० ते १९५२ मधील वाद्ये तिला उतरतात.

हम्बकरच्या जनकत्वाचाही वाद जुना आहे. लव्हर यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो १९५५ मध्ये, मंजुरी मिळाली जुलै १९५९ मध्ये. ग्रेचसाठी फिल्टरट्रॉन बनवणारे रे बट्स यांचा अर्ज नंतरचा, पण त्यांना मंजुरी महिनाभर आधी, जून १९५९ मध्ये मिळाली. दोघांनी स्वतंत्रपणे काम केले असे मानणे सयुक्तिक ठरेल. विरुद्ध दिशेने जोडलेल्या कॉइलने विजेची घरघर मारण्याचे तत्त्व लाउडस्पीकरच्या क्षेत्रात १९३० च्या दशकातच माहीत होते.

१९७२ च्या टेलिकास्टर कस्टममध्ये फेंडरने नेकपाशी हम्बकर आणि ब्रिजपाशी सिंगल कॉइल अशी जोडी दिली. हा हम्बकरही लव्हर यांचाच, कारण तोवर ते फेंडरकडे आले होते. याच सुमारास डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन हा सुटा विकला जाणारा पिकअप बाजारात आला. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीच्या बॉडीत गिब्सनचा हम्बकर ब्रिजपाशी बसवला. १९८० च्या दशकात एच-एस-एस आणि एच-एस-एच या योजना कारखान्यांच्या नेहमीच्या यादीत गेल्या. गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्यासाठीची इबानेझ जेम (१९८७) दुसऱ्या प्रकारातली.

विद्युत बाजू : पिकअप जुळवताना बहुतेक जण किलोओहममध्ये दिलेला रोध पाहतात. हा आकडा मोजायला सोपा आणि फसवा आहे. बारीक तारेचा रोध मुळातच जास्त असतो. त्यामुळे टेलिकास्टरच्या नेक पिकअपचा रोध ब्रिजच्या जवळपास तितकाच भरतो, आवाज मात्र सौम्य. तुलनेसाठी इंडक्टन्स (कॉइल बदलत्या प्रवाहाला किती अडवते ते) हे अधिक विश्वासार्ह माप होय. स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या सिंगल कॉइलचे ते सुमारे २ ते २.५ हेन्री, जुन्या धर्तीच्या हम्बकरचे ४ ते ५ हेन्री आणि पी-९० चे त्याहूनही अधिक असते.

कॉइलचे इंडक्टन्स आणि केबलचे कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक अनुस्पंदन तयार होते, म्हणजे एका वारंवारतेपाशी संकेत शिखर गाठतो. पिकअपचा ‘स्वभाव’ म्हणतात तो बराचसा याच शिखराच्या जागेवर ठरतो. केबल आणि कॉइल मिळून ६०० पिकोफॅराड धरले, तर २.२ हेन्रीच्या सिंगल कॉइलचे शिखर सुमारे ४.४ किलोहर्ट्झला येते आणि ४.५ हेन्रीच्या हम्बकरचे सुमारे ३.१ ला. हेच दोघे समांतर जोडले की एकत्रित इंडक्टन्स दीड हेन्रीच्या आसपास उतरते आणि शिखर सुमारे ५.३ किलोहर्ट्झपर्यंत चढते. एकसर (एकामागे एक) जोडले तर ते अडीच किलोहर्ट्झवर येते. म्हणजे मिश्रणाचा आवाज हा दोन आवाजांच्या मधला नसतो. समांतर जोडणीत तो दोघांहून उजळ होतो, एकसर जोडणीत दोघांहून गडद. क्वीन या गटाचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांसह १९६३ पासून घडवलेल्या रेड स्पेशलमध्ये तिन्ही पिकअप एकाच जातीचे आहेत. तरी एकसर जोडणी आणि प्रत्येकाला स्वतंत्र फेज-स्विच एवढ्यावर ती गिटार किती वेगवेगळे आवाज देते, हे या संदर्भात पाहण्याजोगे आहे.

जोरदार हम्बकर शेजारच्या सिंगल कॉइलला गिळून टाकतो, ही तक्रार नेहमीची. समांतर जोडणीत ती वाटते तेवढी खरी नाही. तेथे ज्या पिकअपचा संरोध (इम्पिडन्स, बदलत्या प्रवाहाला एकूण विरोध) कमी, त्याचा वाटा जास्त पडतो; आणि सिंगल कॉइलचा संरोध सहसा कमीच असतो. एकसर जोडणीत मात्र दोन्ही व्होल्टेज सरळ मिळवली जातात आणि कमजोर पिकअप खरोखरच झाकोळतो.

पॉटची (आवाज आणि टोनच्या नॉबखालच्या बदलत्या रोधकाची) निवड ही पुढची अडचण. सिंगल कॉइलला २५० किलोओहम आणि हम्बकरला ५०० किलोओहम असा प्रघात आहे. ५०० वर सिंगल कॉइल कर्कश वाटते, २५० वर हम्बकर मंदावतो. रूढ तोडगा असा : पॉट ५०० चे ठेवायचे आणि सिंगल कॉइल निवडल्यावर स्विचच्या मोकळ्या खणातून (पोलमधून) ४७० किलोओहमचा रोधक समांतर आणायचा. दोन्ही मिळून सुमारे २४२ किलोओहम होतात. त्यासाठी चार खणांचा स्विच लागतो, साधा पाच-स्थितींचा पुरत नाही. दोन्ही पिकअप एकत्र असताना रोधक ठेवायचा की काढायचा, हे कानावर सोडलेले बरे.

फेज आणि घरघर : वेगवेगळ्या निर्मात्यांचे पिकअप एकेकटे ठणठणीत वाजतात आणि एकत्र लावताच आवाज पातळ, पोकळ होतो. कारण बहुधा फेज, म्हणजे दोन संकेतांचे चढ-उतार एकाच वेळी जुळणे वा न जुळणे. कॉइलच्या वेटोळ्यांची दिशा आणि चुंबकाचा ध्रुव यांपैकी एकच गोष्ट दोघांत उलट असेल, तर तारेचे संकेत एकमेकांना खातात. दोन्ही उलट असतील, तर संकेत जुळतात आणि घरघर विरते. पडताळणीसाठी काट्याचा मल्टिमीटर पिकअपच्या दोन वायरींना लावून चुंबकावर टेकवलेला पेचकस झटक्यात उचलतात. काटा दोन्ही पिकअपना एकाच बाजूला उसळला पाहिजे. ध्रुव होकायंत्राने कळतो.

फेज उलटा निघाला तर दोन वायरींची अदलाबदल केली की झाले, असा समज आहे. टेलिकास्टरच्या नेक पिकअपमध्ये तो अंगाशी येतो. त्याचे धातूचे कवच कॉइलच्याच एका टोकाला जोडलेले असते. वायरी उलटल्या की कवच संकेताच्या बाजूला जाते आणि बोट लागले तरी घरघरते. आधी कवच कॉइलला जोडणारी छोटी वायर कापून कवचाला स्वतंत्र अर्थ-जोडणी (अर्थिंग) द्यावी लागते. जाळीदार वेष्टणाच्या एकवायरी जुन्या हम्बकरचेही तसेच. म्हणून मिश्र योजनेसाठी चार वायरी आणि वेगळी अर्थ-वायर असलेला हम्बकर मागवतात. तो विभागता येतो. विभागताना कोणती कॉइल चालू ठेवायची हा प्रश्न महत्त्वाचा : फेज जुळलेला असताना शेजारच्या सिंगल कॉइलच्या विरुद्ध ध्रुवाची कॉइल ठेवली, तर घरघर बरीच कमी होते. वेटोळ्यांची संख्या भिन्न असल्याने ती पूर्ण जात नाही.

जागा व मापे : ब्रिजपाशी तारेचे कंपन लहान असते, म्हणून तेथे जास्त वेटोळ्यांचा पिकअप घालतात. चोविसाव्या पडद्याच्या जागी, म्हणजे ब्रिजपासून तारेच्या पाव लांबीवर बसलेल्या पिकअपला मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट वारंवारतेचा उपस्वर) जवळजवळ ऐकू येत नाही. पिकअप कोणत्याही जातीचा असो. तारांमधील एकूण अंतर ब्रिजपाशी बहुधा ५२ मिलिमीटरच्या आसपास, नेकपाशी ५० च्या आत असते, हे मागवण्यापूर्वी पाहावे. उंचीचे पेच फिरवून आवाजाचा बराच समतोल साधतो. मात्र नेकपाशी तीव्र चुंबक तारेच्या फार जवळ नेला, तर तो तार ओढतो आणि वरच्या पडद्यांवर सूर डळमळतो.

पिझो : सॅडलखालचा (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याखालचा) पिझो स्फटिक दाबावर चालतो, चुंबकावर नाही. त्याचा संरोध फार मोठा असल्याने तो चुंबकी पिकअपला सरळ समांतर जोडला, तर त्याचा संकेत कॉइलमधूनच निसटून जातो. मध्ये बॅटरीवर चालणारे, दोघांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे बफर मंडल लागते. पार्कर फ्लाय (१९९३) या गिटारीने हे मिश्रण परिचित केले. काही कारागीर पिझो आणि चुंबकी संकेत स्टिरिओ जॅकमधून वेगवेगळे बाहेर काढतात, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र अँप्लिफायर देता येतो.