पुढच्या तोडफोडीची सोय आजच्या स्लॅबमध्ये

चालू रुग्णालयात भिंत फोडली की सिमेंटच्या धुळीबरोबर अस्परजिलस बुरशीचे बीजाणूही हवेत उडतात. आकार जेमतेम २ ते ३ मायक्रॉन, त्यामुळे ते थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. धडधाकट माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. म्हणून कामाची जागा सील करून तिथला हवेचा दाब शेजारच्या वॉर्डापेक्षा कमी ठेवतात. मग हवा बाहेरून आत येते, धूळ बाहेर पडत नाही.

एवढी धास्ती असूनही तोडफोड टळत नाही. काँक्रीटचा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, एसीचे डक्ट आणि वायरिंग मात्र वीसेक वर्षांत थकतात. सीटी, एमआरआय त्याहून लवकर जुनी होतात. हे सगळं एकाच नकाशात एकमेकांत गुंतवलं, की एक बदलताना बाकीच्यांना हात लावावाच लागतो.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या इन्सेलश्पिटालने अतिदक्षता, तातडीचे उपचार आणि शस्त्रक्रिया यांची नवी इमारत उभारताना हा गुंता मुळातच सोडवला. हे रुग्णालय १३५४ सालचं; वाढत, बदलत आलेलं. नव्या इमारतीचे तीन भाग मानले गेले: सांगाडा १०० वर्षांसाठी, आतल्या भिंती आणि नळ्या सुमारे २० वर्षांसाठी, यंत्रं आणि फर्निचर त्याहून कमी काळासाठी. सांगाड्याचा आराखडा निवडायची स्पर्धा वेगळी, आतल्या रचनेची वेगळी, वास्तुरचनाकारही वेगळे. त्यामुळे कुठला विभाग कुठे येणार यावर सांगाडा अडून राहिला नाही.

मला सर्वांत आवडतो तो त्यांचा स्लॅब. कॉलम ८.४ मीटर अंतरावर आहेत आणि चार कॉलमांमधल्या चौकोनात मधोमध ३.६ बाय ३.६ मीटरचा तुकडा असा ठेवला आहे, की तो पुढे कधीही कापून काढता येतो. भार त्याच्या भोवतालच्या पट्ट्यांवरून कॉलमांकडे जातो, म्हणून इमारत कमकुवत होत नाही. तिथे उद्या जिना येईल, डक्ट येईल किंवा खालच्या मजल्यांवर उजेड उतरेल.

आज न लागणाऱ्या ताकदीचा खर्च आजच करावा लागतो, हे खरं. तरी माझ्या मते तो करावाच. ज्यांचं बजेट तेवढं नाही, त्यांनी निदान ऑपरेशन थिएटरला लागून कचेऱ्या आणि स्टोअर ठेवावेत. थिएटर वाढवायची वेळ आली, की हलवायला सर्वांत सोपं तेच.