बफर कॅश: हिट रेशोचा काळ आणि त्यानंतर

नव्वदच्या दशकात ओरॅकल या डेटाबेसचा बफर कॅश, म्हणजे डिस्कवरून वाचलेले डेटाचे ब्लॉक (ठरावीक आकाराचे तुकडे) मेमरीत ठेवायची जागा, ब्लॉकच्या संख्येत ठरवावा लागे आणि आकडा बदलायचा तर डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करावा लागे. डाउनटाइम मागायचा म्हणजे वरिष्ठांना दाखवायला एखादा साधा आकडा हवा. ती गरज बफर कॅश हिट रेशोने भागवली. मागितलेल्या ब्लॉकपैकी किती डिस्कवर न जाता मेमरीत सापडले, त्याची ही टक्केवारी. ती ९०च्या खाली गेली की मेमरी वाढवा, हा सल्ला वर्षानुवर्षं चालला आणि मॉनिटरिंग टूलमधून अजूनही पुरता गेलेला नाही.

तो जायला हवा, कारण घोळ सूत्रातच आहे. छेदात लॉजिकल रीड (ब्लॉकसाठीच्या सगळ्या मागण्या) असतात आणि ते फुगवायला एक वाईट क्वेरी पुरते. समजा, नेस्टेड लूप जॉइन (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या, आतल्या टेबलात शोध घेणारी पद्धत) आतल्या टेबलाच्या इंडेक्सचे तेच दहाबारा ब्लॉक लाखो वेळा वाचतोय. सगळं मेमरीतून, म्हणून रेशो ९९.९. सीपीयू मात्र १०० टक्के, कारण ब्लॉक शोधताना तो ज्या यादीत नोंदलेला असतो त्या हॅश साखळीचा लॅच (क्षणभराचं कुलूप) घ्यावा लागतो आणि सगळी सेशन (डेटाबेसच्या चालू जोडण्या) त्याच मोजक्या लॅचवर तुटून पडतात. इथे मेमरी दुप्पट करून काडीचा फरक पडत नाही. क्वेरी सुधारून हॅश जॉइन (दोन्ही टेबलं एकेकदाच वाचून जुळवणारी पद्धत) लावला की लॉजिकल रीड कोसळतात, काम झटपट उरकतं आणि रेशो खाली येतो! शिवाय ज्याला डेटाबेस फिजिकल रीड (डिस्कवरचं वाचन) म्हणतो, ते वाचन बऱ्याचदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल कॅशमधूनच भागलेलं असतं.

सेशन नेमकं कशासाठी खोळंबलंय, हे सांगणारे वेट इव्हेंट ओरॅकल ७पासून उपलब्ध होते, पण ते रुळायला बराच काळ गेला. 'फ्री बफर वेट्स' दिसलं तर कॅश अपुरा आहे किंवा डीबी रायटर (बदललेले ब्लॉक डिस्कवर लिहिणारी प्रोसेस) मागे पडतोय. 'बफर बिझी वेट्स' दिसलं तर एकाच ब्लॉकवर गर्दी आहे, तिथे आकार वाढवणं व्यर्थ. दुसरं सेशन ब्लॉक डिस्कवरून आणतंय म्हणून थांबणं १०जी आवृत्तीमध्ये वेगळ्या नावाखाली गेलं, तेव्हा निदान बरंच सोपं झालं.

२००१च्या ९आय आवृत्तीने कॅशचा आकार चालू डेटाबेसमध्ये बदलता येऊ लागला आणि कोणत्या आकाराला किती फिजिकल रीड होतील याचा अंदाजही मिळू लागला. १०जी आणि ११जीमध्ये मेमरीची वाटणी आपोआप होऊ लागली, तशी नवी ओढाताणही आली: बाइंड व्हेरिएबल (क्वेरीत थेट किमतीऐवजी ठेवलेली रिकामी जागा) न वापरणारं अ‍ॅप्लिकेशन शेअर्ड पूल (क्वेरी साठवायची मेमरी) फुगवतं आणि बफर कॅश आक्रसतो. म्हणून कॅशला किमान मर्यादा घालून ठेवणंच योग्य.

लिनक्सवर ११जीची ही पूर्ण स्वयंचलित पद्धत ह्यूजपेजेससोबत (मेमरीची मोठी पानं वापरण्याची सोय) चालत नाही, आणि तो तोटा जबर आहे. ६४ जीबी एसजीए (ओरॅकलची सामायिक मेमरी, बफर कॅश हिच्यातच असतो) ४ केबीच्या पानांत असेल, तर एका प्रोसेसचं पेज टेबल (कोणतं पान मेमरीत कुठे आहे याची नोंद) १२८ एमबीपर्यंत जातं. ५०० कनेक्शनना ते ६२ जीबीच्या वर. २ एमबीची पानं घेतली की तेच प्रोसेसमागे २५६ केबी. स्वॅपिंग (मेमरी अपुरी पडून पानं डिस्कवर ढकलणं) सुरू झालं, की आधी मेमइन्फो या लिनक्सच्या मेमरी-अहवालातली पेजटेबल्सची ओळ पाहावी, कॅश कमी करायचा विचार नंतर.