बॅटरी मेली नव्हती, गळत होती

पन्हाळा रस्त्याला आमच्या मामांचं लग्नाचं लॉन आहे. तिथलं गवत कापायला त्यांनी वर बसून चालवायचं मशीन घेतलं, बुटक्या ट्रॅक्टरसारखं दिसणारं. मशीन चांगलं, पण पाच-सहा दिवस उभं राहिलं की बॅटरी उतरायची. किल्ली फिरवावी तर नुसती टकटक, सेल्फ काही फिरायचा नाही. मामांनी एक बॅटरी बदलली. दुसरीनेही तेच केलं. तिसरी आणायला उद्यमनगरात निघाले, तेव्हा म्हटलं, "मामा, थांबा. आधी मीटर लावून बघू."

बॅटरी उतरण्यामागे तीनच शक्यता असतात: तिच्यात चार्ज टिकत नाही, तिला चार्ज मिळत नाही, किंवा कोणीतरी गुपचूप पितंय. रात्रभर चार्ज करून दोन-तीन तास तशीच ठेवली, तर १२.६ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या वरच राहिलं, बॅटरी ठणठणीत. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे चार्जिंगही होतंय. उरला चोर.

चोर पकडायचा तो किल्ली बंद ठेवून. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला, १० अँपियरच्या खाचेत. (या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका. सेल्फ शंभरभर अँपियर ओढू शकतो, मीटरचा फ्यूज तिथंच जाईल.) अशा साध्या मशीनमध्ये आकडा जवळपास शून्य हवा. आला ०.०८ अँपियर.

आकडा किरकोळ वाटतो, मामांनाही वाटला. पण ०.०८ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला जवळजवळ २ अँपियर-तास. बॅटरी होती २० ची. पाच दिवसांत निम्मी रिकामी!

मशीनचा फ्यूज काढला, आकडा शून्य. फ्यूज परत बसवून रेग्युलेटरचा, म्हणजे इंजिनची वीज बॅटरीजोगी करून देणाऱ्या डबीचा, प्लग उपसला, पुन्हा शून्य. सापडला.

इंजिनच्या चाकाखालच्या कॉइलमध्ये तयार होणारी वीज एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी असते. रेग्युलेटरमधले डायोड तिला एकाच दिशेने बॅटरीकडे जाऊ देतात. नदीवर मोटर बसवलेल्यांना हे सांगायला नको: डायोड म्हणजे विजेचा फूट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं चामडं झिजलं की मोटर चालू असताना पाणी झकास वर येतं, पण बंद केली की पाइपातलं पाणी हळूहळू नदीत परत. इथंही तेच. इंजिन बंद झालं की वीज उलटी कॉइलमध्ये झिरपायची. म्हणूनच चार्जिंग तपासून हा दोष कळत नाही. त्यात डायोड जितका गरम, तितका तो जास्त गळतो. त्यामुळे काम संपल्या संपल्या घेतलेला आकडा आणि सकाळचा आकडा यांत फरक पडतो.

रेग्युलेटर बदलला, आकडा शून्यावर आला.

"मग ती पहिली बॅटरी?" मामांनी विचारलं. ती शेडमध्ये तीन महिने उतरलेलीच पडून होती. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं, तसंच ठेवलं तर कडक खडे होतात आणि मग चार्ज घेत नाही. चार्जरला लावली, तासाभरात १२.६ दाखवलं, आणि सेल्फ मारताच ८ वर आली. चांगली होती, शेडमध्ये मेली.