पटवर्धन, सुधीर

(१९४९– ). मनुष्याकृतिप्रधान चित्रे काढणारे भारतीय चित्रकार. जन्म पुण्याचा. तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये पदवी घेऊन पुढच्याच वर्षी ते मुंबईत आले. ठाण्यात त्यांनी २००५ पर्यंत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला, नंतर तो सोडून पूर्ण वेळ चित्रांना दिला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नाही.

दिवसभर शरीराच्या आरपार पाहणाऱ्या या डॉक्टरच्या चित्रांतली शरीरे भरीव आहेत, जड आहेत. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) या चित्राचा विषय सांगायचा तर इतकाच : एक माणूस टेबलाशी बसला आहे. पण तो चित्रात जागा अडवून बसतो, आणि त्याला ओलांडून नजर पुढे जात नाही. ही घडण त्यांनी सेझान, पिकासो आणि लेजे या आधुनिक युरोपीय चित्रकारांकडून उचलली. माणसे मात्र लोकलच्या डब्यातली, पुलावरची, रस्त्यावरची. मार्क्सवादाचा प्रभाव असूनही त्यांचा कामगार घोषणाफलकावरचा वीर होत नाही. ज्यांची चित्रे काढली त्यांना ती आपली वाटतील का, हा प्रश्न पटवर्धनांना सतत पडत आला आहे, आणि मध्यमवर्गीय चित्रकाराने तो स्वतःला विचारावा हे थोडे विरळाच.

१९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम आणि जोगेन चौधरी यांच्याबरोबर त्यांची चित्रे होती. चित्रात माणूस आणि त्याची गोष्ट परत आणणारे म्हणून ते प्रदर्शन ओळखले जाते.

पुढे माणूस लहान होत गेला आणि शहर मोठे. ‘पोखरण’ (१९९०) हे नाव वाचून राजस्थान आठवेल, पण अणुचाचणीशी त्याचा संबंध नाही. हे ठाण्यातले पोखरण. या निसर्गचित्रांत एकच यथादर्शन, म्हणजे एकाच ठिकाणाहून पाहिलेले दृश्य, नसते. पाहणारा चालत चालत मान वळवत असावा तशा अनेक बाजू एका कॅनव्हासवर येतात. ‘लोअर परळ’ (२००१) याच रीतीचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहू लागले. तो बदल इथे हळहळीविना दिसतो, आणि चित्र त्यामुळेच जास्त बोचते. ‘मुंबई प्रोव्हर्ब्ज’ (२०१४) या सात फलकांच्या चित्रात शहराचा पट आणखी रुंदावला.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्याच्या कितीतरी आधी, २००८ च्या सुमारास, त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत नेले होते. जिथे मूळ चित्र क्वचितच पोहोचते, अशी ती ठिकाणे होती.